जिभेखालची गोळी

मी एकदा बोईसरच्या एका अख्ख्या कारखान्याला सकाळी अकरा वाजता घरी पाठवलं होतं. टाइम ऑफिसात होतो मी. हजेरीची कार्डं सांभाळायची आणि पाळी बदलायची वेळ झाली की भोंग्याचं बटण दाबायचं, एवढंच काम. नऊ दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता, तरी अंगात दहा बैलांचं बळ होतं. दहाव्या दिवशी मला लख्ख कळलं की मी घड्याळाप्रमाणे चालत नसून घड्याळ माझ्याप्रमाणे चालतं. मग मी बटण दाबलं. सगळी पाळी हातपाय धुऊन, डबे न उघडता फाटकाबाहेर पडली. मी फाटकाशी उभा राहून एकेकाला वाकून नमस्कार करत होतो, नाटक संपल्यावर नट करतात तसा. आत रंगाच्या टाक्या उतू चालल्या होत्या.

ही गोष्ट मी इतक्यांना सांगितली आहे की ती आता पाठ झाली आहे, आणि दर वेळी चिमूटभर मीठ वाढतंच. त्यानंतर दूरच्या मोठ्या इस्पितळात काढलेल्या सात आठवड्यांची गोष्ट मात्र मी कुणाला सांगत नाही. तिथून परतलो तो पांढऱ्या गोळ्यांची पुडी घेऊन. साहेबांनी कामावर परत घेतलं, पण भोंग्याच्या बटणावर लोखंडी पेटी बसवून. "आणखी एकदा काही झालं तर मी काही करू शकणार नाही," ते म्हणाले. बायको त्याहून स्पष्ट बोलली. भाकरी थापता थापता, वर न बघता तिनं सांगितलं, "परत असं झालं तर मी मुलीला घेऊन वाईला जाईन. मग न्यायला येऊ नका." वाई तिचं माहेर. तिचा आवाज कधी चढत नाही, त्यामुळे ती जे बोलते ते होतं.

ही नव्वद सालच्या आगेमागेची गोष्ट. पालघरात एका लहानशा धर्मादाय दवाखान्यात दर शुक्रवारी मुंबईहून एक डॉक्टरबाई यायच्या, मनाच्या आजाराच्या. आमच्या कारखान्याची सुट्टी रविवारी नसे, शुक्रवारी असे, म्हणून मला ते सोयीचं होतं. वर्षभर मी निमूटपणे एसटीनं जात होतो, केसपेपर दाखवत होतो, गोळ्या घेऊन येत होतो. मग एका शुक्रवारी बाई म्हणाल्या, "तुमच्याकडे एक काम आहे. नवे पेशंट बाहेर बसलेले असतात, घाबरलेले असतात. त्यांच्याजवळ बसाल का?"

"बसून काय करू?"

"काही नाही. विचारलं कुणी, तर तुम्हाला काय झालं होतं ते सांगा."

"आणि नाही विचारलं तर?"

"तर बसा."

परदेशात कुठे कुठे असं करतात म्हणे. त्यांनी तिकडचे काही छापील कागद दाखवून त्याला एक इंग्रजी नावही सांगितलं. मी मान हलवली. कळलं काहीच नव्हतं, पण नटाला भूमिका मिळाली की तो ती आधी घेतो आणि मग विचारतो कशाची आहे.

दवाखान्याच्या दाराशी एक मावशी असायच्या. रांग लावणं, आत सोडणं, चहा देणं, रडणाऱ्याला पाणी देणं, सगळं त्यांच्याकडे. डॉक्टरबाई आत बसत, पण दवाखाना मावशी चालवत. पहिल्याच शुक्रवारी त्यांनी मला अडवलं.

"केसपेपर?"

"आज मी पेशंट म्हणून नाही आलो, मावशी. बाईंनी बसायला सांगितलंय."

"बसायला सगळेच येतात. तुमी पेशंट हाय का इष्टाप हाय?"

मी विचारात पडलो. गंमत नाही, खरंच पडलो. पेशंट म्हणावं तर रांगेत उभं राहावं लागणार. स्टाफ म्हणावं तर मस्टरवर सही कुठे आहे? मावशींकडे चहाचे कपही दोन जातींचे होते. स्टाफला कानाचे चिनी कप, पेशंटना काचेचे ग्लास. पहिल्या शुक्रवारी मला कप मिळाला, दुसऱ्या शुक्रवारी ग्लास, तिसऱ्या शुक्रवारी चहाच नाही, कारण मावशींचा निर्णय होत नव्हता. बाकड्याचं तेच. बाकडं बाहेर ठेवलं तर मी पेशंटांत मोडणार, आत ठेवलं तर स्टाफात. शेवटी मावशींनी ते उंबऱ्यावर आडवं टाकलं, अर्धं आत, अर्धं बाहेर. तेव्हापासून शुक्रवारी ते दार लागलंच नाही, आणि सगळा दवाखाना मला ओलांडून जाऊ लागला.

पण काय सांगू, मजा यायला लागली. लोक विचारायचेच. मी भोंग्याची गोष्ट सुरू केली की रांग हलायची थांबायची. चिंचणीची एक बाई, सहा महिने हसली नव्हती म्हणे, ती पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, "आनि आता तुमी बरं झालात?"

"पूर्ण बरा," मी म्हणालो, आणि छाती काढली.

हेच माझं चुकलं. चार शुक्रवार पूर्ण बरा, पूर्ण बरा असं म्हटल्यावर माझा स्वतःवर विश्वास बसला. पूर्ण बरा माणूस गोळी कशाला खाईल? शिवाय गोळीचा राग होताच. तिच्यामुळे माझे हात थरथर कापायचे, आवाज सपाट व्हायचा. कामगारांच्या नाटकात मला राजाच्या भूमिकेवरून काढून पडदा ओढायला ठेवलं होतं. म्हणून मी गोळी बंद केली.

बंद केली म्हणजे, रोज जेवणानंतर बायको हातावर गोळी ठेवायची, पाणी द्यायची आणि समोर उभी राहायची. मी गोळी जिभेखाली सरकवायचो, पाणी प्यायचो, कंठ हलवायचो, आणि चूळ भरायला गॅलरीत जायचो. तिथे तुपाच्या जुन्या डब्यात कोरफड लावली होती. गोळी तिच्या मुळाशी. सात आठवडे ती कोरफड औषधावर होती, आणि सांगतो तुम्हाला, इतकी शांत कोरफड मी पाहिली नाही.

मी मात्र खुलत चाललो होतो. आवाज परत आला. मला पुन्हा राजा करा म्हणून मी नाटकवाल्यांच्या मागे लागलो, आणि त्यांनी होकार द्यायच्या आधी तीन तलवारी सुताराकडे टाकल्या. झोप चार तासांवर आली, मग तीनवर. टाइम ऑफिसात ती लोखंडी पेटी माझ्याकडे बघून ओळखीचं हसायला लागली. हे काय आहे ते मला माहीत होतं का? माहीत होतं आणि नव्हतं. एका कानानं आनंद ऐकू येत होता आणि दुसऱ्या कानानं बायकोचं "न्यायला येऊ नका".

अशा दिवसांत ती दोघं आली. पूर्वेकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरची म्हातारी आणि तिचा तिशीतला मुलगा. मुलगा कुणाशी बोलत नव्हता. कुणी न दिसणारं माणूस बोलावतंय तसा मध्येच उठून चालू पडायचा. म्हातारी त्याच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरून होती. पाऊस महिन्यावर आला होता, भाताच्या रोपांसाठी राब भाजायचे राहिले होते, आणि घरात नांगर धरणारा हा एकटाच.

म्हातारीनं मला निरखून पाहिलं. ती डॉक्टरबाईंनाही तू म्हणायची, तिथे माझी काय कथा.

"तू कोन? ना आत ना भायेर."

मी भोंग्याची गोष्ट सांगितली, हातवाऱ्यांसकट. सगळे हसले, मुलगा सोडून. तो जमिनीकडे बघत होता. म्हातारीनं गोष्ट संपेपर्यंत पानाला चुना लावला.

"मंजे तुला लागलेला," ती म्हणाली.

"हो."

"मोठा लागलेला?"

"मोठाच म्हणायचा."

"आनि मंग सुटला."

"सुटला."

"मंग असा सांग ना, भगत हायेस."

मी म्हणालो, नाही आजी, मी भगत नाही, मी टाइमकीपर आहे. तिनं हात झटकला. त्यांच्या पाड्यावरच्या, भुतंखेतं उतरवणाऱ्या भगताला म्हणे तरुणपणी असंच लागलं होतं. तो रानात पळायचा, जेवायचा नाही. त्यातून सुटला म्हणून तर भगत झाला. ज्याला कधी लागलंच नाही त्याला दुसऱ्याचं काय कळणार? तिचा सरळ हिशोब होता. डॉक्टरबाईंचं इंग्रजी नाव, मावशींचे कप, उंबऱ्यावरचं बाकडं, या सगळ्यांना जे दोन-अडीच महिने ठरवता आलं नव्हतं ते म्हातारीनं पान जुळवताना ठरवून टाकलं. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी आणखीच गोंधळलो, कारण पटलं तर होतं, आणि खिशात भगतपणाचं एकही लक्षण नव्हतं.

बाईंनी मुलाला तपासलं, गोळ्या दिल्या, पुढच्या शुक्रवारी बोलावलं.

पुढच्या शुक्रवारी म्हातारी आली ती कोंबडी घेऊन. पाय बांधलेली तांबडी कोंबडी तिनं माझ्या बाकड्याखाली ठेवली. मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या.

"ही कुनाची?"

"भगताची," म्हातारी म्हणाली.

"हिचा केसपेपर कुठाय?" असं विचारून मावशींनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती अजून आठवते.

पण म्हातारी भांडायला आली होती. मुलगा गोळ्या घेत नव्हता. पाणी पिऊन बाहेर जायचा आणि ओहोळात थुंकायचा. तिनं गोळ्यांची पुडी काढून माझ्या मांडीवर ठेवली.

"आमचा भगत झाडपाल्याचा रस आधी सोता पितो, मंग आजाऱ्याला देतो. तू नुसता बोलतोस. बोलून काय सुटतो कुनी? आधी तू खा."

"आजी, त्याची गोळी मला चालत नाही. ज्याची त्याला असते."

"मंग तुजी खा."

आणि माझी पुडी माझ्याच हातात होती. नुकतीच औषधाच्या खिडकीतून घेतलेली, कोरफडीसाठी. अख्खी रांग वळून बघत होती. मावशींनी पाण्याचा ग्लास पुढे केला, ग्लासच, कप नव्हे. आता नटाला यात अवघड काय? सात आठवडे रोज तालीम झालेली. मी गोळी दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवली. तोंडात टाकली. डोळे मिटले. मान मागे टाकून पाणी प्यायलो, कंठ असा खालीवर केला की शेवटच्या बाकापर्यंत दिसावा. मग ओठ पुसले आणि दोन्ही हात रिकामे दाखवले. म्हातारीचा चेहरा खुलला. रांगेतल्या कुणीतरी सुस्कारा टाकला.

तो मुलगा माझ्याकडे बघत होता. दोन शुक्रवारांत पहिल्यांदा त्याची नजर जमिनीवरून उठली होती.

"जिभेखाली हाय," तो म्हणाला.

आवाज बारीक, वापर नसल्यासारखा. पण कॉरिडॉरमध्ये सगळ्यांना ऐकू गेला. मावशींनी एक क्षणही घालवला नाही. "आ करा," त्या म्हणाल्या.

मी तोंड मिटून हसायचा प्रयत्न केला. गोळी जिभेखाली विरघळत होती, आणि ती कडू म्हणजे किती कडू.

मुलगा जवळ आला. माझ्यासमोर उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "आ कर. जीभ वर. डावीकडं. उजवीकडं." ही वाक्यं त्यानं तयार केलेली नव्हती. मोठ्या इस्पितळात रोज सकाळी वॉर्डातल्या सिस्टर रांगेतल्या प्रत्येकाला हीच वाक्यं म्हणायच्या, याच क्रमानं, याच चालीवर. म्हणजे तोही तिथे होता. मी ज्याबद्दल कुणाला सांगत नाही त्या आठवड्यांतली ही चार वाक्यं हा माणूस पाठ म्हणत होता, आणि मी इकडे सगळ्यांना भोंग्याची गंमत सांगत बसलो होतो.

मी आ केलं. जीभ वर केली.

दारात डॉक्टरबाई उभ्या होत्या, बाकडं ओलांडायला एक पाय उचललेला. त्यांनी पाहिलं. "आत या," एवढंच म्हणाल्या.

आत गेल्यावर मी पेशंटच्या खुर्चीवर बसावं की नेहमीसारखं उभं राहावं ते कळेना. त्यांनी खुर्चीकडे बोट केलं.

"किती दिवस?"

"सात आठवडे."

"झोप?"

"तीन तास. पण इतकं छान वाटतंय बाई, की..."

"भोंगा?"

मी म्हणालो, "हसतो माझ्याकडे बघून."

त्यांनी पेन खाली ठेवलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्याही माझ्याइतक्याच गोंधळलेल्या दिसल्या. मला बाकड्यावर बसवलं नसतं तर मी गोळी सोडली नसती, हे त्यांना कळत होतं. आणि मी बाकड्यावर नसतो तर तो मुलगा आज बोलला नसता, हेही. परदेशातल्या त्या कागदांत याच्या पुढचं काही लिहिलं होतं की नाही कोण जाणे. शेवटी त्यांनी माझा केसपेपर मागवला आणि लिहायला घेतलं.

"बाकडं काढणार का?" मी विचारलं.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. डॉक्टरच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. "आज घरी सांगा. मी सांगणार नाही, तुम्ही सांगायचं. आणि सोमवारपर्यंत झोप आली नाही तर शुक्रवारची वाट बघायची नाही, मुंबईला माझ्याकडे यायचं."

बाहेर आलो तर माझ्या जागेवर तो मुलगा बसलेला. मला वाटलं, झालं, भूमिका गेली. तो जरा सरकला. मी शेजारी बसलो. म्हातारी निवांत पान खात होती. भगताची लबाडी पकडली गेली म्हणून ती हिरमुसली असेल असं मला वाटलं होतं, पण तसं काही दिसेना. "आमचा भगत पन आधी लबाडी करायचा," ती मावशींना सांगत होती. "पोरानं पकडला ना. मंग आता खरा करील."

"कडू लागली?" मुलानं मला विचारलं.

"फार."

"गिळली की नाय लागत."

मग त्यानं पुडीतून आपली गोळी काढली आणि माझ्याकडे बघत थांबला. मीही माझी काढली. बाईंनी जिभेखालची थुंकायला लावून तेवढी एक आत्ता घ्यायला सांगितलीच होती. मावशींनी दोन ग्लास भरले. आम्ही एकदम गिळल्या आणि एकमेकांना तोंडं उघडून दाखवली, डावीकडं, उजवीकडं. या वेळी अभिनय कुणाचाच नव्हता, त्यामुळे बघण्यासारखं काही नव्हतं. रांग पुढे सरकली.

कोंबडी घेऊन मी एसटीनं बोईसरला आलो. कंडक्टरनं कोंबडीचं तिकीट मागितलं, ते मी वाद न घालता काढलं, यावरून माझी अवस्था ओळखा. घरी बायको शिवणयंत्रावर होती.

"ही कुठली?"

"भगत झालो," मी म्हणालो, आणि मग सगळं सांगितलं. मीठ न घालता.

ती ऐकून घेऊन उठली, गॅलरीत गेली आणि कोरफडीचा डबा जमिनीवर पालथा केला. मातीत पांढरे ठिपके होते, काही अर्धवट विरघळलेले, काही अख्खे. तिनं ते निवडून ताटलीत ठेवले, तांदळातले खडे निवडावेत तसे. मग आत जाऊन फळीवरची मोठी पिशवी काढली. आपल्या चार साड्या भरल्या, मुलीचे फ्रॉक भरले, मुलीचा लोकरी स्वेटर भरला, आणि पिशवी दाराशी ठेवली. मुलगी शाळेतून यायची होती.

"आत्ता निघणार?" मी विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. एका दिवसात दोन बायकांनी मला हेच उत्तर दिलं. "आ करा."

मी आ केलं.

ती गेली नाही. पण पिशवीही फळीवर गेली नाही. झोप यायला दहा-बारा दिवस लागले. दरम्यान सोमवारी एकदा मुंबईलाही जाऊन आलो, तीही बरोबर आली. तलवारी सुताराकडेच राहिल्या. हात पुन्हा कापायला लागले. राजा दुसराच कुणी झाला आणि वाईट झाला, हे मी समाधानानं नोंदवतो.

पुढच्या शुक्रवारी दवाखान्यात गेलो तेव्हा मला वाटलं होतं बाकडं भिंतीला लागलेलं असेल. ते उंबऱ्यावरच होतं. त्यावर तो मुलगा बसला होता, म्हातारी नव्हती, एकटाच आला होता. मला बघून नमस्कार नाही, चमत्कार नाही, नुसतं तोंड उघडलं. मीही उघडलं. मावशी म्हणाल्या, "आता दोघांचं काय लिवू?" आणि उत्तराची वाट न बघता त्याला कप दिला, मला ग्लास. पुढच्या वेळी उलट. मला आजवर त्यातला नियम कळलेला नाही. पाऊस लागला तसा तो नांगराला गेला आणि एकाआड एक शुक्रवारी येऊ लागला. तो नसेल त्या शुक्रवारी मी मावशींना तोंड दाखवत असे.

भोंग्याची गोष्ट मी तिथे अजूनही सांगायचो, पण आता तिच्या शेवटी वॉर्डातली ती चार वाक्यं यायची. त्या वाक्यांना कुणी हसायचं नाही. एखादं माणूस मात्र मान वर करायचं.

आणि घरी दर शुक्रवारी संध्याकाळी मी परत आलो की बायको तोंड बघायची, आणि मग दाराशी जाऊन पिशवीतून एक कपडा काढायची. एका शुक्रवारी एक साडी, दुसऱ्या शुक्रवारी एक फ्रॉक. मी मोजायचो नाही असं दाखवायचो. पाऊस संपेस्तोवर पिशवी जवळजवळ रिकामी झाली. तळाशी फक्त मुलीचा लोकरी स्वेटर राहिला, जो बोईसरात कधी कुणाला लागत नाही.

"तोही काढून टाक की," मी एकदा धीर करून म्हणालो.

"राहू दे," ती म्हणाली. "वाईला थंडी असते."

मुलीचं लग्न झालं, स्वेटर तिला कधीच लहान झाला. पिशवी दाराशी आहे.